तुम्ही विचारलंत म्हणून : आधी आवाज, मग लाथ

मी नोकरी सांभाळून संध्याकाळी गोव्यातल्या फोंड्यात तायक्वांदो या कोरियन युद्धकलेच्या वर्गात नवशिक्यांना शिकवायला मदत करते, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झालं आहे. त्यामुळे बाजारात, कदंबाच्या बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत एक प्रश्न ठरलेला : "मुलीला तायक्वांदोला घालायचं म्हणतोय. स्वसंरक्षण शिकेल ना?" आणि त्याच्या मागोमाग, जरा खालच्या पट्टीत, दुसरा : "आमच्यासारख्यांना या वयात जमेल का हो?" उभ्या उभ्या नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून काढते आहे.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर अनेकांना रुचत नाही. स्वसंरक्षण एवढाच हेतू असेल, तर तायक्वांदो अपुरं आहे. हा मुख्यतः पायांचा खेळ. स्पर्धेत डोक्यावर लाथ चालते, पण तोंडावर ठोसा चालत नाही; धरलं, ढकललं किंवा पाडलं तर दंड बसू शकतो. धडावरच्या ठोशाला 1 गुण, धडावरच्या लाथेला 2, डोक्यावरच्या लाथेला 3. तीच लाथ अंगाभोवती गिरकी घेऊन मारली तर 4 आणि 5. गुणांचा हा हिशेब पाहिला की सराव पायांकडे का झुकतो ते कळतं. रस्त्यावरचा माणूस मात्र आधी मनगट धरतो, नाहीतर केस. पकड सोडवण्याचे प्रकार बऱ्याच वर्गांत शिकवतात आणि ते शिकावेतच. पण सहा महिन्यांत मुलगी कुणालाही लोळवेल असं समजून तिला निर्धास्त सोडणं धोक्याचं. आमचे सर मुलांना स्पष्ट सांगतात, "पळायला वाट असेल तर पळा."

मग मिळतं काय? माझ्या मते सगळ्यात आधी मिळतो तो आवाज.

ठोसा किंवा लाथ सुटताना पोटातून एक आरोळी द्यायची असते. तिला किहाप म्हणतात. ती दिली की श्वास बाहेर पडतो, पोटाचे स्नायू आवळले जातात आणि फटक्याला जोर येतो. हा झाला तिचा शारीरिक उपयोग. पण नव्या मुली पहिल्या आठवड्यात जी आरोळी देतात ती शेजारी उभ्या असलेल्या मुलीलाही ऐकू जात नाही. मुलगे पहिल्याच मिनिटाला सभागृह डोक्यावर घेतात, त्यांना आवरावं लागतं. मुलींना नाही. "हळू बोल", "पाहुणे बसलेत", "केवढ्यानं हसतेस" हे त्यांनी घरी इतकं ऐकलेलं असतं की ओरडायची परवानगी मिळाली तरी घसा उघडत नाही. कितीतरी दिवस नुसते ओठ हलवणारी एक मुलगी आमच्याकडे होती. एका संध्याकाळी पॅडवर लाथ अचूक बसली आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की सगळे वळून बघायला लागले. ती स्वतःच दचकली, मग हसत सुटली. पुढे तिची आई म्हणाली, की बसमध्ये अंगचटीला येणाऱ्या एकाला तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं "फाटीं सर!" (मागे हो!) म्हणून सुनावलं. लाथबिथ काही नाही. याचं श्रेय तायक्वांदोचं की वाढत्या वयाचं, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण माझी मुलगी असती आणि निवडायला सांगितलं असतं, तर उंच लाथेआधी मी हा आवाज निवडला असता.

मोठ्यांनाही हे लागू आहे. दिवसभर कार्यालयात शंभर माणसांना हुकूम सोडणारे गृहस्थ किहाप द्यायची वेळ आली की लाजून इकडेतिकडे बघतात.

"मारकुटा होईल का?" ही मुलग्यांच्या आईबापांची काळजी. झुंजीच्या सरावात पंचांनी "काल्यो" म्हटलं की थांबायचं. नुकतीच पोटावर लाथ खाल्लेली असते, डोळ्यांत पाणी असतं, उलटी लाथ अर्ध्यावर उचललेली असते, तरी पाय खाली. मग एकमेकांना वाकून नमस्कार. दहा वर्षांच्या पोराला हे जड जातं, तेही चारचौघांत. काही पोरं रडतात, काही रुसून भिंतीकडे तोंड करतात आणि पुढच्या फेरीला परत उभी राहतात. शाळेच्या मैदानावर मारामारी करणाऱ्या मुलाला कुणी असं अर्ध्यात थांबायला शिकवत नाही. अंगावर छातीकवच, शिरस्त्राण, दातांना गार्ड, हातापायांना पॅड असतात, त्यामुळे दुखापती बेताच्या राहतात. अजिबात होत नाहीत असं मात्र नव्हे. निळे डाग पडतात, बोटं मुरगळतात.

"आपल्याकडे फुटबॉल असताना हे कोरियन खूळ कशाला?" असंही विचारतात. फुटबॉलशी माझं वैर नाही. पण जूनपासून मैदानांची तळी होतात, तेव्हा मुलं घरात मोबाइल घेऊन बसतात. आमचा वर्ग छपराखाली मॅटवर चालू असतो. (त्या चार महिन्यांत गणवेश वाळत नाहीत आणि वर्गाला एक कुबट वास येतो, तो सहन करावा लागतो. चवथीला, म्हणजे गणपतीत, तर कुणी फिरकत नाही.) आणि खूळ म्हणाल तर तायक्वांदो हे नाव 1955 मध्ये रूढ झालं, 1988 मध्ये सोलला प्रात्यक्षिक म्हणून ते ऑलिंपिकमध्ये दिसलं आणि 2000 मध्ये सिडनीपासून त्याला पदकं आहेत. 2014 मध्ये गोव्यात लुझोफोनिया स्पर्धा झाल्या, त्यांतही ते होतं. हाताला व्यंग असलेल्या मुलाचे पालक बिचकत विचारतात, त्यांना मी 2021 मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिंपिकचं सांगते. तिथे पॅरा तायक्वांदो पहिल्यांदा आलं आणि भारताकडून अरुणा तंवर उतरली. त्या प्रकारात डोक्यावर लाथ मारायला मनाई आहे.

भाषेची एक गंमत राहिली. आमच्या मुलांच्या घरी कोंकणी, शाळेत इंग्रजी, भजनात मराठी. वर्गात आली की हाना, दुल, सेत, नेत करत दहापर्यंत कोरियन आकडे धडाधडा म्हणतात. मराठी पाढे विचारले की गप्प.

पालकांना एक मात्र बजावून सांगते. मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं अंग हलवावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी वर्गाला पाठवलं म्हणजे हिशेब मिटला असं होत नाही. उरलेले दिवस अंगणात खेळू द्या.

आता मोठ्यांचं. त्याच संघटनेचा सल्ला असा, की प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि स्नायू बळकट करणारा व्यायाम किमान दोन दिवस तरी असावा. तासाचे तीन वर्ग नेमाने केले की यातलं बरंच साधतं. पण मला जास्त मोलाचा वाटतो तो तोल. प्रत्येक लाथेत एक पाय हवेत, सगळा भार दुसऱ्यावर. चाळिशीनंतर एका पायावर उभं राहून चप्पल घालून बघा, मी काय म्हणते ते कळेल. लाथ किती उंच जाते याचा विचार सोडून द्या, कमरेपर्यंत गेली तरी पुष्कळ. जपायचं ते टेकलेल्या पायाला. दोल्यो चागीत, म्हणजे बाजूने फिरवून मारायच्या लाथेत, टेकलेल्या पायाची टाच लक्ष्याच्या दिशेनं वळली पाहिजे. ती जागीच खिळली तर सगळा पीळ गुडघ्यात जातो. मोठ्यांचे गुडघे दुखू लागले की मी आधी टाच बघते. रक्तदाब, पाठ, गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच या.

पूमसे म्हणजे ठरावीक क्रमाच्या हालचाली. पहिल्या पूमसेत, म्हणजे तेगुक इल जांगमध्ये, अशा 18 हालचाली आहेत. दुसरीतली मुलगी ते चार दिवसांत करते आणि पन्नाशीचे काका तिसऱ्या वळणावर उलट दिशेला तोंड करून उभे राहतात. वर्गात मान पट्ट्याला असतो, वयाला नाही. पांढऱ्या पट्ट्याचे काका नववीतल्या निळ्या पट्ट्याला वाकतात आणि तो त्यांना "काका, डावा पाय" म्हणून सांगतो. हे सगळ्यांना पचत नाही. काही जण पहिल्या महिन्यातच येणं बंद करतात. जे टिकतात त्यांना, बहुधा शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच, काहीतरी अजिबात न येण्याची मजा कळते.

पट्ट्यांवरून आठवलं. पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल, मग काळा. मधल्या पायऱ्या वेगळ्या. काळ्या पट्ट्याच्या पायरीला दान म्हणतात; पंधरा वर्षांखालच्या मुलाला मात्र दान नाही, त्याऐवजी पूम मिळतो आणि त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. वर्षभरात काळा पट्टा देऊ असं कुणी म्हणालं तर पैसे भरू नका. दान-पूमचं प्रमाणपत्र सोलच्या कुक्कीवॉनचं, म्हणजे तायक्वांदोच्या मुख्यालयाचं, मिळणार का, परीक्षेची फी किती आणि कितीदा, हे आधीच विचारा. चांगले प्रशिक्षक या प्रश्नांनी चिडत नाहीत.

गणवेश पहिल्या दिवशी घेऊ नका. महिनाभर टी-शर्ट आणि ट्रॅक पँटवर येऊ द्या. टिकलं तर मुलांसाठी एक माप मोठा घ्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर घेत असाल तर दोन घ्या.