गंगेवरचा त्रिपूर आणि एक आगाऊ फोकस

आत्या गेली चार वर्षं दर दिवाळीत फोनवर एकच वाक्य म्हणते, "त्रिपुरीला ये गं एकदा, दिवाळीला काय सगळेच येतात." आणि मी दरवर्षी येते येते म्हणून टांग देते. यंदा मात्र सुट्टी टाकलीच. पुणे-नाशिक तसं सव्वादोनशे किलोमीटरच्या आतलंच, पण नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत बस जी काय रांगत गेली की विचारू नका. एका ठिकाणी तर अर्धा तास नुसते पुढच्या ट्रकच्या मागचं 'हॉर्न ओके प्लीज' वाचत बसलो होतो. मधे तर ड्रायव्हर दादा पण खाली उतरून उभे राहिले.

त्यामुळे झालं काय, की वैकुंठ चतुर्दशीची हरिहर भेट हुकली. मी पोचले तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता, आत्या शाल गुंडाळून ओट्यावर बसलेली, आणि पहिलं वाक्य "देव भेटून झोपले पण, तू आत्ता येतेस." नाशिकला ही भेट कपालेश्वर महादेव आणि सुंदरनारायण यांची. मध्यरात्री होते, आणि त्या दिवशी उलटं चालतं, महादेवाला तुळस आणि विष्णूला बेल. एरवी कोणी असं केलं तर घरातली म्हातारी माणसं ओरडतील, त्या रात्री मात्र देवच एकमेकांचं घेतात. मला हे फार आवडतं. मी बघितलं नाही हे सोडा.

आत्याचं घर दहीपुलाजवळ. जुनं नाशिक म्हणजे काय ते इथे कळतं, रस्ता असा की समोरून रिक्षा आली तर आपण दुकानाच्या पायरीवर चढायचं. पावसाळ्यात गंगेला मोठा पूर आला की पाणी सराफ बाजारात शिरतं आणि दहीपुलापर्यंत येतं, हे इथल्या लोकांना पाठ आहे. (हो, गंगाच. नाशिकमधे गोदावरी फक्त पुस्तकात, बोलताना "गंगेवर चाललो". पहिल्यांदा ऐकणारा पाहुणा गोंधळतोच.)

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर हवेत तो खास नाशिकचा गारठा. अजून खरी थंडी यायची होती, ती डिसेंबरात येते, मग पेपरात रोज निफाडचा पारा छापून येतो, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजतात, आणि तिकडचे द्राक्षवाले पहाटे बागांमधे शेकोट्या पेटवतात कारण मणी तडकायची भीती. पण आंघोळीनंतर दोन मिनिटं दात वाजतील एवढं होतं.

आत्या माजघरात बसून त्रिपूर वातीचा शेवटचा हात फिरवत होती. ही वात म्हणजे साडेसातशे पदरांची. चातुर्मासात बसून थोडी थोडी वळलेली, बोटांना दुधाचा हात लावून कापूस ओढायचा आणि मोजत जायचं. मी विचारलं मोजणी चुकली तर? म्हणे चुकतेच, म्हणून पाच-दहा जास्तच घालायच्या, देव काय ऑडिट करतो का. मग तो सगळा जुडगा तुपात बुडवून ठेवला. आणि इथे एक गोष्ट मला पहिल्यांदा कळली, की गार हवेत तूप थिजतं आणि थिजलेल्या तुपातली वात लवकर धरत नाही, म्हणून ती त्यात थोडं तेल घालते आणि शेंड्याला कापूर कुस्करून लावते. शिवाय डबा घाटावर नेताना शालीच्या आत पोटाशी धरून. मला म्हणाली तू धर, तुझं पोट मोठं आहे. धन्यवाद आत्या.

संध्याकाळी पाचच्या सुमारास निघालो. सराफ बाजार, भांडी बाजार करत खाली उतरायचं. जवळजवळ प्रत्येक गॅलरीत अजून आकाशकंदील होते. पुण्यात आमच्या सोसायटीत भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सगळे उतरवून मोकळे. इथे तुळशीची लग्नं पौर्णिमेपर्यंत चालतात आणि कंदील त्रिपुरीपर्यंत टांगलेला. एका वाड्याच्या दारात बांबूच्या काड्या आणि कागदाचा, घरी केलेला, एक कोपरा वितळल्यासारखा खाली आलेला कंदील होता, तो मला सगळ्यात भारी वाटला. बाकी बरेचसे चायना माळा आणि चमचम.

सांडव्यावरच्या देवीला नमस्कार करून पलीकडे पंचवटीत गेलो तर ही गर्दी. कार्तिकस्वामींच्या देवळाकडे वेगळीच रांग, कारण बाकी वर्षभर बायका तिथे दर्शनाला जात नाहीत, कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्रावर मात्र जातात. आत्याने त्या रांगेकडे एक नजर टाकली आणि "गुडघे नाहीत माझ्याकडे" म्हणून विषय संपवला. आम्ही कपालेश्वराच्या पायऱ्यांपाशीच थांबलो. या महादेवासमोर नंदी नाही हे तुम्हाला माहीत असेलच, कथा अशी की रामकुंडात स्नान कर म्हणजे पाप जाईल हे नंदीनेच महादेवाला सांगितलं, मग नंदी झाला गुरू, आणि गुरूला समोर कसं बसवणार. आमच्या ऑफिसमधे ज्युनियरने चांगला सल्ला दिला तर उलट होतं, असो.

खाली रामकुंड. हे कुंड 1696 साली चित्रराव खटारकरांनी बांधलं. आज त्याच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. दहा रुपयाला द्रोण, त्यात दोन झेंडू, एक पणती. मी चार घेतले. पहिला द्रोण पाण्यात ठेवला आणि माझ्याच हाताच्या लाटेने विझला. दुसरा एका आजोबांच्या द्रोणाला आपटला आणि दोन्ही विझले, आजोबा काही बोलले नाहीत पण बघितलं जे काही! मग आत्याने शिकवलं, द्रोण ठेवायचा नाही, हात पाण्याखाली नेऊन द्रोण हातावर तरंगू द्यायचा आणि हात हळूच खाली काढून घ्यायचा. तिसरा गेला बरोबर, गांधी तलावाकडे, डुलत डुलत.

तेवढ्यात माझ्या मावसबहिणीचा व्हिडिओ कॉल. ती फ्रान्सला लियॉनमधे असते, तिच्याकडे भर दुपार. तिच्या गावात पण 8 डिसेंबरच्या आसपास चार दिवस मोठा लाईटचा फेस्टिवल असतो, चर्च, चौक, नदीकाठच्या भिंती, सगळ्यावर प्रोजेक्टरने चित्रं फिरवतात, लाखो लोक येतात. ती म्हणाली मूळ गोष्ट माहितीये का? 1852 साली तिथल्या टेकडीवर मेरीचा पुतळा बसवायचा होता, सप्टेंबरात, पण नदीला पूर आला आणि मूर्तिकाराच्या कारखान्यात पाणी शिरलं, म्हणून तारीख गेली 8 डिसेंबरवर. त्या दिवशी पण वादळ. आता कार्यक्रम रद्द होणार असं चाललेलं, संध्याकाळी आभाळ मोकळं झालं आणि लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. अजूनही ते लोक त्या रात्री खिडकीत काचेच्या ग्लासात मेणबत्त्या ठेवतात. मी हे आत्याला सांगितलं तर ती म्हणे, "म्हणजे त्यांच्याकडे पण नदीनेच घोळ घातला होय." नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बोट करून. त्याच्या कुठपर्यंत पाणी आलं यावर अख्खं नाशिक पूर मोजतं ना.

बहिणीला दिवे दाखवायला मी फोन फिरवला, तर तिला काही दिसेचना. नुसतं पांढरं. कारण वरच्या बाजूला कोणीतरी स्टेज टाकलं होतं, गाण्यांचा कार्यक्रम होता, आणि त्यांचा एक भलामोठा फोकस थेट कुंडावर मारलेला. मला स्वतःला पण तोपर्यंत जाणवलं नव्हतं की पाण्यावर शेकडो दिवे आहेत आणि आपल्याला दिसतायत फक्त द्रोण. ज्योत अशी नाहीच, पिवळट ठिपका फक्त. हे असं प्रकाश आहे म्हणून टाका अजून प्रकाश करायची आपल्याकडे जी खोड आहे ना, लग्नात, गणपतीत, सगळीकडे, तिने माझं डोकं फिरतं.

आत्या उठली. गुडघे नसलेली आत्या त्या पायऱ्या चढून साउंडवाल्या पोरापाशी गेली. मी मागे. "बाळा, तुझा तो दिवा जरा झोपव ना."

पोरगा विशीतला असेल, कानात हेडफोन अडकवलेला. म्हणाला, "मावशी, लाईट काढली तर पब्लिक पाण्यात पडंल, पायऱ्या ओल्या आहेत."

आता हे पण खरंच होतं. मी भांडायच्या तयारीत आले होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत्याने मात्र एकदा फोकसकडे बघितलं, एकदा पायऱ्यांकडे, आणि म्हणाली "मग पाण्यावर कशाला मारतोस, पाण्यात कोण चालतंय? पायऱ्यांवर मार." पोराने दोन सेकंद विचार केला, "बरोबर ए भो" असं शेजारच्याला म्हणाला, आणि स्टॅंडचा नट सैल करून फोकस खाली वळवला.

आणि कुंड एकदम काळं झालं. म्हणजे पाणी काळं, आणि त्यावर ते सगळे दिवे एकाच वेळी उजळल्यासारखे. प्रत्येकाखाली पाण्यात त्याची लांब थरथरती रेघ. आमच्या आजूबाजूला "अरे!" असा आवाज आला, सगळ्यांचाच, कोणी ठरवून नाही. एका लहान पोराने वडिलांना विचारलं, "पप्पा आत्ता लावले का?" वर पलीकडे नारोशंकराच्या देवळाची काळी आकृती. 1747 चं ते देऊळ आणि त्याची ती प्रसिद्ध घंटा, वसईच्या विजयाची. बहिणीला फोनवर आता दिसलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, आवाज बंद कर गं त्या गाण्याचा पण. ते काही आत्याच्या हातात नव्हतं.

मग आमचा त्रिपूर. मातीच्या पसरट ताटलीत वात उभी करून आत्याने कापराला काडी लावली. आधी नुसता निळा भपका, मला वाटलं गेलं, आणि मग तूप धरलं आणि ज्योत वीतभर उभी राहिली. साडेसातशे वाती एकदम जळतात तेव्हा चुरचुर असा बारीक आवाज येतो, जवळ बसल्याशिवाय ऐकू येत नाही. चेहऱ्याला धग आणि पाठीला गारठा. अर्धा तास तरी बसलो असू, ती पूर्ण शांत होईपर्यंत आत्या हलली नाही, मधे मी भेळभत्ता आणू का विचारलं तर नुसता हात दाखवला.

भेळभत्ता परतताना खाल्ला, जरा मऊ पडलेला होता.

घरी आल्यावर अजून एक काम बाकी होतं, कंदील उतरवायचा. मी स्टुलावर चढले, वायर काढली, आत्याने माळ्यावरचं खोकं आणलं. खोक्याच्या झाकणावर आतून काकांच्या अक्षरात नुसत्या तारखा, एकाखाली एक, 'उतरवला त्रि. पौ.' आणि साल. काका जाऊन सहा वर्षं झाली. त्याखालच्या तारखा आत्याच्या, वाकड्यातिकड्या. तिने पेन माझ्या हातात दिलं, म्हणाली यंदाची तू लिही. मी लिहिली. चष्मा लावून तिने नीट बघितलं.

"हे काय लिहिलंयस? काकांपेक्षा वाईट अक्षर."