तुम्ही विचारलंत म्हणून: मग खरा अर्थ कोणता?

दरवर्षी प्रवेश संपून बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा वर्ग भरू लागला की पंधरा दिवसांत हा प्रश्न माझ्यापर्यंत येतोच. कधी वर्गातून, कधी स्टाफरूममध्ये गणिताच्या सरांकडून, एकदा तर एसटी स्टँडवर एका पालकांकडून. ‘मॅडम, पोरगी म्हणायली एका कवितेचे पाच-पाच अर्थ असतेत. मग खरा कोणता? पेपरात कोणता लिहावा तिनं?’ त्यांची गाडी लागली होती, मी ‘सगळे लिहू द्या’ असं काहीतरी म्हणून सुटले. परवा तुम्हीही तेच विचारलंत आणि तुमची गाडी काही सुटत नव्हती, म्हणून जरा ऐसपैस सांगते.

आधी माझी चूक. परळी आणि गंगाखेडच्या मधल्या पट्ट्यातल्या आमच्या कॉलेजात मी नोकरीला लागले, तेव्हा साहित्याकडं बघण्याचे वेगवेगळे दृष्टिकोन असा एक घटक शिकवायला आला. मी तो इमानेइतबारे उतरवून दिला. रूपवादी समीक्षा: व्याख्या, वैशिष्ट्ये, मर्यादा. मार्क्सवादी: व्याख्या, वैशिष्ट्ये, मर्यादा. मानसशास्त्रीय, स्त्रीवादी, दलित साहित्याची समीक्षा, सगळ्यांना त्याच तीन खुंट्या. मुलांनी पाठ केलं, पेपरात ओतलं, पासही झाली. सत्र संपल्यावर माझ्या लक्षात आलं की या सगळ्यात आम्ही एकही कविता वाचली नव्हती.

तेव्हापासून मी उलटं करते. आधी चार ओळी, मार्क्सवाद-स्त्रीवाद वगैरे मागून. ओळी जनाबाईच्या:

झाडलोट करी जनी । केर भरी चक्रपाणी ॥
पाटी घेऊनियां शिरीं । नेऊनियां टाकी दुरी ॥
ऐसा भक्तीसी भुलला । नीच कामें करूं लागला ॥
जनी म्हणे विठोबाला । काय उतराई होऊं तुला ॥

इंग्लंडात केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स हे समीक्षक विद्यार्थ्यांना कवींची नावं झाकून कविता वाचायला द्यायचे आणि त्यावर लिहून घ्यायचे. मोठ्या नावाचा दबाव नसला की वाचणारा कुठं कुठं घसरतो, ते त्यांनी 1929 च्या पुस्तकात मांडलं. मीही एकदा तसं करायला गेले. पण आपल्या संतांनी नाव कवितेतच गोवून ठेवलेलं! वरचं नाव खोडलं तरी पहिल्याच ओळीत जनी उभी, आणि जनीचंच गाव असलेल्या गंगाखेडच्या आसपास जनी कोण हे न कळणारं पोर कुठून आणू? प्रयोग तिथंच बारगळला.

मग फळ्यावर दोन रकाने पाडले, ‘जनी’ आणि ‘देव’, आणि क्रियापदं मोजायला लावली. भरी, टाकी, भुलला, करू लागला: सगळी देवाकडं. जनीकडं पहिल्या ओळीतलं ‘करी’, मग ती कवितेतून गायब, आणि थेट शेवटच्या ओळीत ‘म्हणे’ म्हणत परत येते. सुरुवातीला तिचे हात दिसतात, शेवटी तिचा आवाज ऐकू येतो. मधल्या ओळींत ती बहुधा झाडू धरून बघत उभी आहे. एका मुलानं विचारलं, विठ्ठलाची एवढी नावं असताना इथं चक्रपाणीच का? पाणि म्हणजे हात. चक्र धरणाऱ्या हातात केर आलाय. नुसतं यमक जुळवायला ते नाव आलेलं नाही. हे जे आम्ही तासभर केलं, त्याला रूपवादी वाचन म्हणतात, हे मी तास संपताना सांगितलं. आधी सांगितलं असतं तर अर्ध्यांनी व्याख्या लिहून वही मिटली असती.

पुढच्या आठवड्यात गाडी वेगळीकडंच गेली. मागच्या बाकावरची एक मुलगी, आईवडील दरसाल ऊसतोडीला जाणारे, एकदम म्हणाली, ‘मॅडम, हा एक कोयता झाला की!’

तुमच्याकडं हा शब्द या अर्थानं नसेल, म्हणून सांगते. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिशेब जोडीचा, आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, बहुतेक ठिकाणी घेतो नवरा. तिनं पुढं सांगितलं, ‘आमच्यात बाप तोडतो. आई मोळी बांधती आन् डोक्यावर वाहून गाडीत चढविती. इथं उलटं झालंय. बाई खाली झाडायली आन् डोक्यावरचं वझं देवाकडं गेलंय.’

‘पाटी घेऊनियां शिरीं’ ही ओळ मी तोवर पाचपन्नास वेळा वाचली असेल. ‘शिरीं’ या शब्दाला वजन आहे, हे मला त्या दिवशी कळलं. स्त्रीवादी समीक्षा म्हणा, श्रमाच्या बाजूनं केलेलं वाचन म्हणा. कुणाच्या वाट्याला कोणतं काम येतं, आणि त्या कामाचा हिशेब कुणाच्या नावावर लागतो, हा प्रश्न कवितेला घातला की ती काहीतरी बोलते. मग वर्गातल्याच मुली बोलू लागल्या. घरात कुणी मदत करत नाही, म्हणून तिला देवच बोलवावा लागला, असं एकीचं म्हणणं. दुसरी म्हणाली, देव येऊन जातो, पण झाडू जनीच्या हातातून सुटत नाही, ती दासीच राहते. मुलं त्या दिवशी जरा गप्पच होती.

खरी ठिणगी ‘नीच’ या शब्दावर पडली. एका मुलीची आई सफाईचं काम करते. ती शांतपणे म्हणाली, ‘आई रोज करते ते नीच, आणि देवानं एकदा केलं की त्याचा अभंग.’ वर्गात कुणी हललं नाही. थोड्या वेळानं एक मुलगा, घरी वडील कीर्तन करणारे, म्हणाला की ‘नीच’ हे जनीचं स्वतःचं मत नाही. लोक काय म्हणतील ते ती देवाला चिडवत ऐकवते, ‘भुलला’ शब्द बघा ना. मुलगी म्हणाली, मग लोकांचा शब्द तिनं खोडला का नाही? त्यावर तो काहीच बोलला नाही. मीही बोलले नाही. एका शब्दात नेमकं कोण बोलतंय यावर दोन शहाणी पोरं तासभर भांडतात, याहून समीक्षा काय वेगळी असते मला माहीत नाही.

आणि हे प्रश्न सगळे बाहेरून आले असं समजू नका. बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत 1950 साली मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. त्या वर्गांतून शिकून गेलेल्या पिढीनं मराठी समीक्षेला विचारलं की तुमच्या सौंदर्याच्या मापात आमचं जगणं कुठं बसतं. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचं नियतकालिक याच मातीत वाढलं. ती मुलगी जे बोलली त्याला इथं वाडवडलांची वहिवाट आहे. फक्त आम्ही ती ‘व्याख्या, वैशिष्ट्ये, मर्यादा’ करून टाकली.

‘पण जनाबाईच्या मनात हे सगळं होतं का?’ हाही तुमचाच प्रश्न. रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकानं 1967 साली लेखकाचा मृत्यू जाहीर केला, म्हणजे अर्थ ठरवताना लेखकाच्या मनात काय होतं ते विचारू नका, असं सांगितलं. आमचे एक जुने सर म्हणायचे, आपल्याकडं लेखक मरत नसतो, समाधी घेतो. विनोद सोडा, पण जनाबाईचे अभंग आपल्याला मिळाले ते नामदेवांच्या गाथेतून, कीर्तनकारांच्या तोंडून आणि जात्यावर दळणाऱ्या बायांच्या गळ्यातून. इतक्या जणांनी ते जपले, तेव्हा प्रत्येकानं त्यात स्वतःचं काहीतरी ऐकलंच असणार. जनीच्या मनात काय होतं ते तिलाच ठाऊक. कागदावर काय आहे ते मात्र आपण दाखवू शकतो.

म्हणून ‘कुणी काहीही अर्थ काढावा’ हे मला मुळीच मान्य नाही. एका गाइडात या अभंगाखाली छापलं होतं: ‘यातून कवयित्रीने स्वच्छतेचे महत्त्व सांगितले आहे.’ हे चूक. शंभर टक्के चूक. देव काढून टाका, ‘उतराई’ काढून टाका, ‘नीच’ काढून टाका, तरी तो अर्थ जसाच्या तसा उभा राहतो. निम्म्या ओळी ज्याला लागतच नाहीत तो त्या कवितेचा अर्थ कसा? केर म्हणजे मनातले विकार, असं कीर्तनात सांगतात. ते मी चूक म्हणणार नाही, पण ते सांगणाऱ्याला मी विचारते: मग पाटी कशाला? शिरावर कशाला? उत्तर दिलं तर मार्क देते. एकानं खरोखरच बरं दिलं होतं. तेव्हा त्या पालकांना आता भेटले तर सांगेन, खरा अर्थ एकच नसतो, पण चुकीचे पुष्कळ असतात आणि ते पकडता येतात. पेपरात पोरीला जो अर्थ ओळींवर बोट ठेवून दाखवता येईल तो लिहू द्या.

ती कोयत्यावाली मुलगी दिवाळीनंतर आईवडलांबरोबर कारखान्याकडं गेली. धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नव्हतं. वर्ग तसाही त्या दिवसांत विरळ होतो. उन्हाळा लागल्यावर ती परीक्षेच्या फॉर्मवर माझी सही घ्यायला आली. हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे होते. सही करणार इतक्यात म्हणाली,

‘मॅडम, उतराई होणं म्हणजे उचल फिटणं का ओ?’

‘उपकार फेडणं,’ मी म्हटलं.

‘तेच की. आमची ह्या साली बी फिटली नाही. जनीची बी फिटणार नाही, म्हणून तर ती विचारायली.’

मी फॉर्म तसाच हातात धरून बसले. सही राहिली, हे तिनंच आठवण करून दिलं.