अंदमान स्वस्तात करताना: एलिफंट बीचला निघण्याआधी भरती विचारा

"ट्रेक बंद आहे, बोटीनेच जावं लागेल." अंदमानातल्या हॅवलॉक बेटाच्या जेट्टीवर पाय ठेवल्यापासून हॉटेलच्या गेटपर्यंत हे वाक्य आम्हाला तीन वेगवेगळ्या माणसांनी ऐकवलं. तिघंही बोटीची तिकिटं विकत होते. आम्ही विश्वास ठेवला आणि माणशी 1,300 प्रमाणे सहा जणांचे 7,800 रुपये मोजून त्याच बेटावरच्या एलिफंट बीचला बोटीने गेलो. तिथे भेटलेल्या दोन मुलींचे पाय पोटरीपर्यंत चिखलाने भरलेले होते. त्या जंगलातून चालत आल्या होत्या. ट्रेक सुरू होता, फुकट होता, आणि बोट घेण्याची काही गरज नव्हती.

आधी थोडक्यात. आम्ही सहा जण, दोघं पुण्याचे, तिघं मुंबईचे, एक मालवणचा. जानेवारीत सात दिवस. विमानाचं तिकीट तीन महिने आधी काढलं, चेन्नईमार्गे, माणशी सोळा हजारांच्या आत येऊन-जाऊन. बाकी सगळा खर्च माणशी 21 हजार झाला. याच बेतासाठी एका एजंटाने विमान सोडून 38 हजार सांगितले होते, म्हणून आम्ही सगळं स्वतःच ठरवलं. त्याचा पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप फक्त त्या 7,800 रुपयांचा, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही केलेल्या मूर्खपणाचा, जो पैशांपेक्षा फार महाग पडू शकला असता.

बोटीत काय मिळतं ते सांगतो. वीसेक मिनिटांची धक्के खात जाणारी सफर, आणि तिकिटात "स्नॉर्केलिंग कॉम्प्लिमेंटरी". म्हणजे काय, तर एक मुलगा तुम्हाला टायर-रिंगमध्ये अडकवून किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर दहा मिनिटं ओढत नेतो. खाली राखाडी, मेलेलं प्रवाळ. 2010 साली समुद्र तापला तेव्हा अंदमानातलं बरंच प्रवाळ पांढरं पडून मेलं, त्यामुळे उथळ पाण्यात रंग दिसतील ही आशा ठेवूच नका. मग तो मुलगा पाण्यातच थांबतो आणि म्हणतो, "असली कोरल तो आगे है सर, हजार रुपये एक्स्ट्रा." तुम्ही त्याच्या रिंगला धरून तरंगताय, पाय टेकत नाहीत, आणि तो भाव सांगतोय. आमच्यातल्या दोघांनी दिले. पुढे गेल्यावर पोपटमासे दिसले, निळे-हिरवे, चांगले हाताएवढे, आणि जिवंत प्रवाळही दिसलं. ते पाहण्यासारखं आहे, मी नाही म्हणणार नाही. पण हा भाव किनाऱ्यावर, कोरड्या पायांनी ठरवा. फोटोचे पैसे वेगळे लागतात का तेही तिथेच विचारा. आम्हाला ते बाहेर आल्यावर कळलं, पाचशे.

त्या रात्री सगळे चिडलेले होते. दुसऱ्या दिवशी चालत जायचं, असं चौघांनी ठरवलं. आता हा भाग नीट वाचा, कारण हे सगळं लिहायला बसलो ते यासाठीच.

पायवाट राधानगर या बेटावरच्याच दुसऱ्या बीचच्या रस्त्यावर, डाव्या-उजव्या सुपारीच्या बागा संपल्या की सुरू होते. तोंडाशी वनखात्याच्या चौकीत नाव लिहायचं. अंतर साधारण दोन किलोमीटर. पहिला भाग सोपा आहे, उंच झाडांचं दाट जंगल, मुळांवरून चढ-उतार. ज्याने सिंहगड एकदा तरी चढलाय त्याला दमही लागणार नाही. शेवटचा पाव भाग मात्र खाजणातून जातो. दोन्ही बाजूंना तिवरं, मधे चिखल, आणि चिखलातून वर आलेली बोटाएवढी टोकदार श्वासमुळं. ती पानांखाली दिसत नाहीत.

मालवणच्या मित्राने आदल्या रात्रीच गणित मांडलं होतं. कोकणात सगळ्यांना ते येतं: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. पौर्णिमा होऊन गेलेली, दुसरा दिवस प्रतिपदेचा, म्हणजे भरती पाऊण वाजता. साडेनऊला खाजण ओलांडलं तर पाणी अजून बरंच खाली असणार. त्याच्या वडिलांची आयुष्यभर चाललेली होडी या हिशोबावर चालली, म्हणून आम्ही पुन्हा कुणालाही विचारलं नाही.

साडेनऊला तिथे पोहोचलो तर वाट दिसतच नव्हती. तिवरांच्या बुंध्यांमध्ये गढूळ पाणी भरलं होतं आणि अजून चढत होतं. पाऊणच्या गणितातून निघणारी वेळ ही आपल्या पश्चिम किनाऱ्याची. प्रत्येक किनाऱ्याचा समुद्र आपापल्या वेळेला भरतो, आणि तिथला आपल्याकडच्यापेक्षा आधी भरतो. आम्ही गेलो तेव्हा भरती जवळजवळ पूर्ण होती, शिवाय पौर्णिमेचं उधाण.

आम्ही परत फिरायला हवं होतं. फिरलो नाही. समोर झाडांतून निळा समुद्र दिसत होता, पन्नास-साठ पावलं, आणि कालचे 7,800 रुपये डोक्यात होते. मांडीपर्यंतच्या पाण्यातून हात धरून गेलो. माझी उजवी चप्पल पहिल्या दहा पावलांतच चिखलाने ओढून घेतली, ती आजही तिथेच आहे. मैत्रिणीच्या तळव्यात श्वासमूळ घुसलं, अर्धा इंच. पोहोचल्यावर तिचा पाय धुतला तेव्हा मिठाच्या पाण्याने ती इतकी कळवळली की आम्हा तिघांच्या तोंडून शब्द फुटेना.

परतताना दोन वाजता पाणी ओसरलं होतं, पण गुडघाभर चिखल उरला होता. एक पाय उपसायचा, दुसरा रुतायचा. ते पन्नास-साठ पावलांचं अंतर कापायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली, आणि मैत्रीण एका पायावर. वर चौकीत पोहोचलो तर तिथल्या काकांनी आमचे भिजलेले कपडे पाहिले आणि आवाज चढवला. "भरे पानी में गये थे? मगर का बोर्ड नहीं पढ़ा?"

बोर्ड होता. आम्ही त्याच्यासमोर फोटो काढला होता. अंदमानच्या खाड्यांमध्ये आणि तिवरांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 साली याच बेटावर, राधानगरशेजारच्या नील्स कोव्हमध्ये, एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात जीव गेला होता. गढूळ, भरलेल्या खाजणात मांडीभर पाण्यातून चालणं म्हणजे काय, हे मला त्या काकांचा चेहरा पाहिल्यावर समजलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून स्पष्ट सांगतो. ट्रेक करा, बोटीपेक्षा शंभर पटींनी चांगला आहे. पण ओहोटीलाच करा. हॉटेलवाल्याला "ट्रेक चालू आहे का" हे विचारूच नका, कारण त्याचं बोटवाल्याशी साटंलोटं असू शकतं. "उद्या भाटा कितने बजे" हे विचारा, तेही मासे उतरवणाऱ्याला. नाहीतर पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं, ते पोर्ट ब्लेअरमध्येच नेटवर्क असताना उतरवून घ्या. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. खाजणात पाणी दिसलं तर बसून राहा किंवा मागे फिरा. पावसात वनखातं वाट बंद करतं, तेव्हा वाद घालू नका. पायात मागून पट्टा असलेले सँडल हवेत, चप्पल नको, उघडे पाय तर अजिबात नकोत. जखमेचं औषध आणि पट्टी सॅकमध्ये असू द्या, खोलीवर ठेवून त्याचा उपयोग नाही.

बाकीचं पटापट.

नावांचा गोंधळ होतो. हॅवलॉक आणि नील ही बेटं 2018 पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत, पोर्ट ब्लेअर 2024 पासून श्री विजयपुरम. बोलताना सगळे जुनीच नावं घेतात, तिकिटावर नवी असतात. बुक करताना दोन्ही लक्षात असू द्या.

बोटी: हॅवलॉकची सरकारी बोट पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते, अडीच तास घेते आणि खासगीच्या निम्म्याच्या आसपास पडते. जागा पटकन संपतात. आम्हाला जाताना मिळाली, नीलहून परतताना नाही, तिथे खासगीला माणशी दीड हजाराच्या वर गेले. बोट लागणाऱ्यांनी सरकारीच घ्यावी, डेकवर वारा खात उभं राहता येतं. खासगी बोट म्हणजे बंद काचा आणि एसी, आणि आमच्या पुढच्या दोन रांगांमध्ये पिशव्या वाटल्या जात होत्या. हवा बिघडली की दोन्ही रद्द होतात, त्यामुळे परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये ठेवाच. स्कूबा करणार असाल तर नंतर 18 तास विमान नाही, हेही त्याच हिशोबात धरा.

हॅवलॉकवर गाडी घेऊ नका. सहा जणांत तीन स्कूटर, लायसन्स बरोबर हवं. रस्ते मोजकेच आहेत, चुकायला जागा नाही. गोविंदनगरच्या बाजारात भात, डाळ, भाजी आणि माशाचं कालवण अशी थाळी खा, मोहरी वाटून केलेली. 1950च्या दशकात पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबं इथे वसवली गेली, त्यांच्याच हातची ही चव. समुद्रकाठच्या रिसॉर्टमधलं जेवण तिप्पट महाग आणि बेचव. रोख पैसे पोर्ट ब्लेअरहूनच न्या, बेटावर यूपीआय नेटवर्कच्या मर्जीवर चालतं.

सूर्य आपल्या घड्याळावर चालत नाही. जानेवारीत सव्वापाचला मावळतो. राधानगरला साडेतीनला पोहोचा, पाचला पोहोचून काही हाती लागत नाही.

नील दोन दिवस. छान. तिथेही लक्ष्मणपूरचा निसर्गनिर्मित दगडी पूल फक्त ओहोटीला गाठता येतो.

बाराटांगला आम्ही गेलो नाही आणि तुम्हीही जाऊ नका. तिकडे जाताना जिरकाटांगहून गाड्यांचा ताफा जारवा या आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने तिथला रस्ता बंद करायला सांगितलं होतं, तो अजून चालू आहे. माणसांना काचेतून बघायला जाण्यासारखं ते आहे, चुनखडीच्या गुहा कितीही सुंदर असोत.

सेल्युलर जेलला पहिल्याच दिवशी, उन्हं कलल्यावर गेलो. सात पाकळ्यांपैकी तीनच उरल्यात. तिसऱ्या मजल्यावर सावरकरांच्या कोठडीबाहेर इतकी मराठी ऐकू येत होती की क्षणभर आपण कुठे आहोत तेच कळेना. आत गेल्यावर मात्र सगळे गप्प झाले.

हिशोबासाठी एकच खजिनदार ठेवा आणि रोज रात्री आकडे ग्रुपवर टाका. आमचा मालवणचा मित्र खजिनदार होता. शेवटच्या दिवशी त्याने मैत्रिणीसाठी औषधांचे 340 रुपये स्वतःच्या खात्यात लिहून घेतले आणि कुणालाही ते वाटून घेऊ दिले नाहीत. तिचा पाय बरा व्हायला दहा दिवस लागले.