जमिनीत सापडलेली नाणी सरकारजमा करताना: माझा अनुभव

तांब्याची तेवीस नाणी सरकारात जमा करायला मला सात आठवडे आणि पाच खेपा लागल्या. मोबदला मागायला मी गेले नव्हते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का, एवढंच हवं होतं. डोंगरात भटकणाऱ्या कुणाच्या हाताला उद्या असंच काही लागलं, तर त्याने घाबरून ते परत पुरू नये आणि सॅकमध्ये घालून घरीही आणू नये, म्हणून हे लिहिते आहे.

मी भांडुपची. रविवारी पहिली कसारा लोकल पकडून सह्याद्री गाठायचा, हे कॉलेजपासूनचं. मेटल डिटेक्टर मात्र तीन वर्षांपूर्वी आला. आवणीच्या वेळी मामीच्या मंगळसूत्राची वाटी चिखलात पडली, ती शोधायला मित्राचा डिटेक्टर नेला. वाटी मिळाली, मामी रडली आणि मी स्वतःचं यंत्र घेतलं. गोराईच्या वाळूत हात बसवला. ओल्या खारट वाळूत एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र उगाच ओरडत राहतं, कोरड्या पट्ट्यात नीट चालतं. आपल्या डोंगरात तोच त्रास बसाल्टचा. दगडमातीत लोहखनिज इतकं असतं की ग्राउंड बॅलन्स केल्याशिवाय, म्हणजे यंत्र तिथल्या मातीशी जुळवून घेतल्याशिवाय, कॉइल (यंत्राची खालची चकती) फिरवण्यात अर्थ नाही.

किल्ल्यावर मी यंत्र कधीच नेत नाही. संरक्षित स्मारकात उकरणं गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. नाणं कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होतं, यावरून तिथल्या वस्तीचा काळ कळतो. उपटून खिशात घातलेल्या नाण्यावरून फारसं काही कळत नाही. वनखात्याच्या जमिनीतही नाही. फक्त मामाचं शेत, तेही त्याला विचारून.

भातकापणीनंतर बांधाजवळ सिग्नल आला. वीतभर खाली पहिलं नाणं, मग दुसरं, मग फुटक्या मडक्याचा काठ आणि त्यात एकमेकांना चिकटलेली नाणी. माती तिथली ढासळायला लागली होती, म्हणून मडक्यातलं तेवढं काढलं आणि थांबले. खड्ड्याचे, मडक्याचे फोटो फूटपट्टी ठेवून काढले. एका नाण्यावर ‘श्री राजा’ एवढं वाचता आलं. शिवराई! माझे हात थरथरत होते.

मामा म्हणाला, “देवघरात ठेवू, महाराजांचं आहे.” त्याला समजावायला एक रात्र गेली. भारतीय निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेलं धन) अधिनियम १८७८ चा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं, की काय सापडलं, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावंच लागतं. दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आता कार्यालय. जिल्ह्याचं आणि गावाचं नाव मी देत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

पहिल्या खेपेला टपाल शाखेत सांगितलं, “निखात निधीचा अर्ज आहे.” त्यांनी ‘निधी’ एवढंच ऐकलं आणि मला नियोजन शाखेत पाठवलं. तिथे विचारलं, कोणत्या योजनेचा निधी? तासाभराने कळलं की पैसे मागत नाही, काही द्यायला आले आहे. मग म्हणाले, जमिनीतून निघालंय ना, गौण खनिज शाखेत जा. तिथे जेवणाची सुट्टी, त्यानंतर साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला गौण खनिजवाले म्हणाले, हे पुरातत्त्वचं काम. म्हणून मी मुंबईतल्या पुरातत्त्व कार्यालयात गेले. तिथल्या माणसांनी फोटो पाहून अगदी आस्थेने सांगितलं की नाणी धुवू नका, आणि सूचना आधी जिल्हाधिकाऱ्यांकडेच द्यावी लागते. (हे लिहायचं राहूनच जात होतं: चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावू नका. हिरवा थर खरवडला की अक्षरंही जातात. सोनाराला दाखवायलाही नेऊ नका.)

तिसऱ्या खेपेला कोषागारात थेट जमा करायला गेले, कारण कायद्यात तसंही लिहिलंय. ते म्हणाले, आदेशाचं पत्र आणा. पत्र देणारे म्हणाले, आधी आवक क्रमांक आणा. आवकवाले म्हणाले, शाखा सांगा. चौथ्या खेपेला एक भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले, “ताई, तांब्याचीच आहेत ना? कशाला मागे लागता? विकून मोकळ्या व्हा.” कायदा पाळायला आलेल्या माणसाला सरकारी टेबलावरून हा सल्ला! त्या दिवशी परतीच्या लोकलमध्ये मला रडू आलं.

तिकडे गावात ‘गुप्तधन’ असा बोभाटा झाला होता. मामा नाण्यांचा डबा खाटेखाली ठेवून झोपत होता. एका रात्री कुणीतरी बांध खणला. मडक्याचे तुकडे विखुरले, जे काही खालच्या थरात असेल ते गेलं. पहिल्याच दिवशी शिक्का मारून कुणी जागेवर आलं असतं, तर हे वाचलं असतं. याचा राग अजून जात नाही.

पाचव्या खेपेला कायद्याच्या कलम ४ ची छापील प्रत अर्जाला जोडून नेली. एका अव्वल कारकून बाईंनी उभ्यानेच ती वाचली, मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः आवक टेबलावर जाऊन शिक्का मारून आणला. दहा मिनिटं लागली. पुढच्याच आठवड्यात तलाठी, मंडळ अधिकारी आले, दोन पंचांसमोर मोजणी झाली, डबा लाखेने सील झाला. तेव्हा कलमाची प्रत पहिल्याच दिवशी न्या. ‘निधी’ म्हणू नका, ‘जमिनीत सापडलेल्या जुन्या वस्तूंची सूचना’ असा विषय लिहा. आणि पंचनामा होईपर्यंत गावात कुणाशी बोलू नका. मी चहाच्या टपरीवर बोलले होते, ती चूक माझी.

मोबदल्याचं सगळे विचारतात. मूळ मालक कुणी निघाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचं, उरलेलं जमीनमालकाचं. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल, तर ती ज्या धातूची किंवा साहित्याची आहे त्याच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन घेता येते. शिवराया संग्रहालयात जाव्यात असं मी जबाबात लिहून दिलंय, मामानेही अंगठ्याशेजारी सही केली.

जाहीर सूचना निघाली आहे. दावेदारांसाठी तारीख सूचनेपासून चार ते सहा महिन्यांच्या आतली असते, आमची मार्चमध्ये आहे. मामाला सातबाराचा ताजा उतारा काढून ठेवायला सांगितलंय.