आढावा बैठकीतला मधला तास

दर आठवड्याला आमची आढावा बैठक असते. वेळापत्रकात दोन तासांची, प्रत्यक्षात अडीच तासांच्या पुढे जाणारी. सुरुवात बरी जाते. शेवटी निर्णय होतात, तेव्हाही सगळे सावध असतात. त्रास होतो तो मधल्या तासाचा. एकेक विभाग आपापल्या स्लाइड वाचून दाखवतो आणि बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं. तो तास निभावायला मी काय काय केलं, ते लिहिते, कारण हे सहन करणारे माझ्यासारखे खूप जण असणार.

मुळात त्या तासात नुसतं बसून चालत नाही. बहुतेक माहितीशी माझा संबंध नसतो, पण मधेच कुणीतरी त्याच सपाट सुरात सांगून जातं, ‘ही तारीख आता पुढे गेली आहे.’ ते एक वाक्य निसटलं की माझं पुढचं सगळं नियोजन चुकतं. म्हणजे काम आहे पहारा देण्याचं. आणि पहाऱ्यावर माणूस फार वेळ टिकत नाही, हे कधीच सिद्ध झालेलं आहे. रडारवर नजर ठेवणाऱ्यांकडून खुणा का निसटतात, या प्रश्नावरून नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने एक चाचणी केली; तिचे निष्कर्ष 1948 मध्ये प्रसिद्ध झाले. तबकडीवरचा काटा दर सेकंदाला एक टप्पा पुढे सरकायचा, क्वचित कधीतरी एकदम दोन. ती दुहेरी उडी टिपायची, सलग दोन तास. पहिल्या अर्ध्या तासानंतरच लोकांच्या नजरेतून उड्या जास्त सुटू लागल्या. अर्धा तास काम आणि अर्धा तास विश्रांती अशी पाळी लावली तेव्हा मात्र लक्ष टिकलं. हे वाचल्यावर माझ्या मनावरचं ओझं उतरलं. आळस, बेशिस्त, कामात रस नसणं, असलं काही यामागे नव्हतं.

मग मी कागदावर तीन रकाने आखायला लागले: काय बदललं, कुणी करायचं, कधीपर्यंत. या तीन गोष्टींखेरीज काहीही लिहायचं नाही. सगळं टिपायला गेलं की हात चालतो आणि डोकं बंद पडतं. तीनच गोष्टी शोधायच्या असल्या की कान टवकारलेले राहतात. लॅपटॉप मात्र बंद हवा. एक मेल उघडला तर तो मिटल्यावरही मन त्यातच घोटाळत राहतं. अर्धवट सोडलेल्या कामाबद्दलही तेच. म्हणून बैठकीआधीची दहा मिनिटं मी नवं काही सुरू करत नाही. हातातलं काम कुठवर आलं आणि पुढचं पाऊल कोणतं, एवढं लिहून ठेवते आणि उठते.

एवढं करूनही तास लांबायचाच. म्हणून मी दोन मागण्या केल्या: आढावा आदल्या दिवशी लेखी पाठवा आणि तासाभराने पाच मिनिटांची सुट्टी द्या. खरी अडवणूक झाली ती इथे. उत्तर आलं, ‘बघू.’ पुढच्या वेळी विचारलं, पुन्हा ‘बघू’. एकाने सांगितलं, वाचून दाखवलं नाही तर कुणी वाचणारच नाही. दुसऱ्याचं म्हणणं, सुट्टी दिली की पाचाची पंधरा मिनिटं होतात. पंधरा माणसांचा एकेक तास दर आठवड्याला जातो, म्हणजे जवळपास दोन पूर्ण दिवसांचं काम, हा हिशेब मी मांडला तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. याचा राग मला अजून येतो. माणसं पेंगताना सगळ्यांना दिसतात, तरी पाच मिनिटं द्यायला जीव जातो!

शेवटी उपयोगी पडला तो माझा तीन रकान्यांचा कागद. तो मी बैठकीनंतर सगळ्यांना पाठवू लागले. दोन विभागांनी ऐकलेल्या तारखा वेगवेगळ्या निघाल्या आणि माझ्या कागदावरची खरी ठरली. त्यानंतर माझं म्हणणं ऐकलं गेलं. मला याचा अभिमान आहे. सुट्टी मिळाली आणि ती पाचच मिनिटांची राहिली आहे.

त्या सुट्टीत दार उघडून ठेवा, हे सांगायचं राहिलंच. श्वासातून बाहेर पडणाऱ्या हवेत सुमारे 4 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बंद खोलीत माणसं दाटली की हवा लवकर कोंदट होते. कॉफी घ्यायची तर बैठकीच्या अर्धा तास आधी, कारण तिचा परिणाम जाणवायला वेळ लागतो. पेंग आल्यावर घेतलेली उशिराच कामी येते. बैठक पडद्यावर असेल तर स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट लपवा, सारखं स्वतःकडे बघून थकवा येतो. आणि कुणी कागदाच्या कडेला चौकोन रंगवत बसलं असेल तर त्याला टोकू नका. जॅकी अँड्रेड या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात रटाळ निरोप ऐकताना आकृत्या रंगवणाऱ्यांना इतरांपेक्षा 29 टक्के जास्त आठवलं होतं.

लेखी आढावा अजून निम्मेच विभाग पाठवतात. उरलेल्यांचा विषय मी पुढच्या बैठकीत पहिल्या क्रमांकावर घ्यायला लावला आहे, म्हणजे सगळे ताजे असतानाच तो निघेल.