एक्सपी गेस्ट आणि सांबा: पेजमेकरच्या फाइली अखेर ई ड्राइव्हवर

काल रात्री एक्सपी गेस्टमधल्या (म्हणजे माझ्या लिनक्स मशीनवर आभासी संगणक म्हणून चालणाऱ्या विंडोज एक्सपीतल्या) पेजमेकर ६.५ या पानमांडणीच्या प्रोग्रॅमने होस्टवरच्या, म्हणजे त्या लिनक्स मशीनवरच्या, फोल्डरमधून सीडींवरून उतरवलेल्या माझ्या संग्रहातली दिवाळी अंकाची पहिली फाइल उघडली आणि तिच्यातली सगळी चित्रे जागच्या जागी आली. एकाही चित्रासाठी ‘ही फाइल कुठे आहे’ असे विचारणारी खिडकी पुढे आली नाही. होस्ट डेबियन लिनक्स १० वरून आधी ११ वर आणि मग १२ वर नेल्यापासून शेअर्ड फोल्डरचा ठप्प झालेला व्यवहार आता सुरळीत झाला आहे. त्याला अडवणारी कारणे एकाखाली एक दडलेली होती आणि वरचे दूर केल्याशिवाय खालचे दिसतच नव्हते, म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

मांडणी पूर्वीचीच आहे: आभासी संगणक चालवणारे क्यूईएमयू-केव्हीएम, त्याची व्यवस्था पाहणारे लिबव्हर्ट, गेस्ट म्हणून एक्सपी प्रोफेशनल, आणि नेटवर्क कार्ड म्हणून रिअलटेक ८१३९, कारण त्याचा ड्रायव्हर एक्सपीत मुळातच असतो. नेटवर्क आयसोलेटेड आहे, म्हणजे गेस्टला फक्त होस्ट दिसतो, बाहेरचे इंटरनेट नाही. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये संपला असल्यामुळे हा नियम मी कधीच मोडत नाही. होस्टचे फोल्डर गेस्टला थेट देणारे व्हर्टआयओ-एफएस वापरावे असे काहींनी सुचवले होते. पण विंडोजमधले त्याचे ड्रायव्हर नव्या आवृत्त्यांसाठी आहेत, एक्सपीला त्याचा उपयोग नाही. क्यूईएमयूची व्हीव्हीफॅट ही सोय, जी होस्टवरचे फोल्डर गेस्टला फॅट डिस्क म्हणून दाखवते, माझ्या मते संग्रहाच्या कामाला घेऊच नये. गेस्ट चालू असताना होस्टवरून त्या फोल्डरात लिहू नका आणि अॅस्की सोडून अन्य अक्षरांची नावे वापरू नका, असे तिच्या माहितीपुस्तिकेतच बजावले आहे. फाइलींची आयएसओ (सीडीची प्रतिमा) करून सीडी म्हणून जोडणे भरवशाचे आहे, परंतु तो एकदिशा मार्ग आहे. उरतो तो सांबा, म्हणजे लिनक्सवरचे फोल्डर विंडोजला नेटवर्कवरून देणारा सर्व्हर.

पहिला अडथळा असा होता. गेस्टवरून होस्टला पिंग जात होते, फायरवॉलमध्ये त्या ब्रिजपुरते (होस्ट आणि गेस्ट यांना जोडणाऱ्या आभासी नेटवर्कपुरते) फाइल शेअरिंगचे ४४५ पोर्ट उघडे होते, होस्टवर सांबा चालू होता, आणि तरीही पत्ता टाकताच ‘निर्दिष्ट नेटवर्क नाव आता उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा संदेश येत होता. हा संदेश दिशाभूल करणारा आहे, कारण तो वाचून माणूस नावाच्या मागे लागतो: नेटबायोस तपासतो, वर्कग्रुप तपासतो, शेअरचे स्पेलिंग तपासतो. प्रत्यक्षात नावाचा काही संबंध नव्हता. ब्रिजवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची देवाणघेवाण दाखवणारे साधन) लावून पाहिल्यावर चित्र स्वच्छ झाले. एक्सपी जोडणी करते, आपल्याला कोणकोणते डायलेक्ट (प्रोटोकॉलच्या आवृत्त्या) येतात त्यांची यादी पाठवते, त्या यादीत शेवटी आणि सर्वांत नवे असते ते ‘एनटी एलएम ०.१२’, आणि होस्ट जोडणीच तोडून टाकतो. सांबाच्या लॉगमध्ये त्याच क्षणी ‘नो प्रोटोकॉल सपोर्टेड’ अशी ओळ उमटते. एक्सपीला एसएमबी-१ च्या, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंग प्रोटोकॉलच्या पहिल्या आवृत्तीच्या, पुढचे काहीच येत नाही, आणि सांबाने २०१९ मधल्या ४.११ आवृत्तीपासून एसएमबी-१ मुळातच बंद ठेवले आहे. डेबियन १० मध्ये सांबा ४.९ होता, ११ मध्ये ४.१३ आला, म्हणून अपग्रेडनंतर दार लागले.

सांबाचा हा निर्णय मला पूर्णपणे योग्य वाटतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबी-१ च्या विंडोजमधील अंमलबजावणीतल्या छिद्रातूनच, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून तो प्रोटोकॉल नव्या इन्स्टॉलेशनमध्ये घालणे थांबवले. त्यामुळे ‘सर्व्हर मिन प्रोटोकॉल’ एनटी-१ वर (हे एसएमबी-१ चेच सांबातले नाव) आणण्याची ओळ सर्वत्र सापडत असली, तरी ती एकटी लिहून मोकळे होणे मला मान्य नाही. हे सेटिंग एकेका शेअरला नव्हे तर संपूर्ण सर्व्हरला लागू होते. म्हणजे घरातल्या वाय-फायवरच्या प्रत्येक उपकरणालाही तोच जुना प्रोटोकॉल देऊ केला जातो. म्हणून या होस्टवरचा सांबा मी फक्त आयसोलेटेड ब्रिजला बांधला: ‘इंटरफेसेस’मध्ये लूपबॅक (होस्टचा स्वतःशीच बोलण्याचा मार्ग) आणि तो ब्रिज एवढेच, आणि ‘बाइंड इंटरफेसेस ओन्ली’ला होकार. लूपबॅक मुद्दाम ठेवला आहे. तो वगळला तर होस्टवर एसएमबीपासवर्ड चालवताना अडचण येऊ शकते.

या बांधून ठेवण्याचा एक परिणाम मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी समोर आला. होस्ट नव्याने सुरू केल्यावर शेअर पुन्हा गायब. सांबा चालू, कॉन्फिगरेशन निर्दोष, पण ४४५ वर ब्रिजच्या पत्त्यावर कोणी ऐकतच नव्हते. लिबव्हर्ट तो ब्रिज आपले नेटवर्क सुरू करताना तयार करते, आणि सांबा त्याआधीच उठून, ब्रिज नाही असे पाहून, फक्त लूपबॅकवर बसलेला असतो. होस्टवरच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीमध्ये एकानंतर दुसरे असा क्रम लावता येतो, पण नेटवर्क मधेच बंद करून पुन्हा सुरू केले तर तो क्रम उपयोगी पडत नाही. त्याऐवजी लिबव्हर्टच्या हुक्स फोल्डरमध्ये (यातल्या स्क्रिप्ट ठरावीक घटनेला आपोआप चालतात) ‘नेटवर्क’ नावाची छोटी स्क्रिप्ट ठेवली: हे विशिष्ट नेटवर्क ‘स्टार्टेड’ झाले की सांबा रीस्टार्ट. लिबव्हर्टची ही हुकची सोय फारशी कोणी वापरताना दिसत नाही, आणि ती वापरावी अशी माझी मनापासून शिफारस आहे.

एवढे झाल्यावर एक्सपी शेअरपर्यंत पोचली आणि पासवर्ड मागू लागली. पासवर्ड अचूक देऊनही तीच खिडकी पुन्हा पुन्हा येत राहिली. लॉग लेव्हल ३ वर नेल्यावर कारण शब्दशः मिळाले: या वापरकर्त्यासाठी एनटीएलएम-व्ही१ पासवर्डला परवानगी नाही. एनटीएलएम ही विंडोजची पासवर्ड पडताळण्याची पद्धत, आणि व्ही१ ही तिची जुनी आवृत्ती. सांबा ४.५ पासून, म्हणजे २०१६ पासून, मूळ सेटिंग केवळ एनटीएलएम-व्ही२ स्वीकारते. अपग्रेडपूर्वी होस्टवर ‘एनटीएलएम ऑथ’ सैल करणारी ओळ होती; अपग्रेडनंतर सांबाचे कॉन्फिगरेशन कोऱ्या फाइलवरून लिहिताना ती जाणूनबुजून घेतली नव्हती. येथे बहुतेक जण होस्ट सैल करतात, आणि माझा आग्रह नेमका उलट आहे. एक्सपीला एनटीएलएम-व्ही२ येते, फक्त ती आपण होऊन ते वापरत नाही. रजिस्ट्रीत लोकल मशीन, सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, एलएसए या वाटेने गेल्यावर ‘एलएम कम्पॅटिबिलिटी लेव्हल’ सापडते. तिची मूळ किंमत ० असते, ती ३ केली की गेस्ट फक्त व्ही२ उत्तर पाठवतो. प्रोफेशनलमध्ये लोकल सिक्युरिटी पॉलिसीतूनही हे करता येते, होममध्ये रजिस्ट्रीलाच हात घालावा लागतो. बदल करून गेस्ट रीस्टार्ट केला आणि पहिल्याच वेळी पासवर्ड स्वीकारला गेला. होस्टवर एसएमबीस्टेटस चालवून प्रोटोकॉलच्या रकान्यात ‘एनटी-१’ पाहिले, तेव्हा फार बरे वाटले.

त्यानंतरचा अडथळा नेटवर्कचा नव्हता, आपल्या लिपीचा होता. संग्रह लावताना मी फोल्डरांना ‘दिवाळी अंक’, ‘मुखपृष्ठे’ अशी देवनागरी नावे दिली आहेत. एक्सपीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा आधार टाकलेला असल्याने एक्सप्लोरर ती मंगल फॉन्टमध्ये नीट दाखवतो आणि सांबाही ती युनिकोडमध्ये बिनचूक पोचवतो. पेजमेकर मात्र युनिकोडपूर्व काळातला प्रोग्रॅम आहे. त्याच्या हाती पाथ (फाइलचा पूर्ण पत्ता) जातो तो आठ बिटांच्या कोडपेजमधून, म्हणजे मर्यादित अक्षरसंचातून, आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये अशा जुन्या प्रोग्रॅमांना वापरता येणारे कोडपेज कधी नव्हतेच. त्यामुळे ‘दिवाळी’च्या जागी सहा प्रश्नचिन्हे उभी राहतात, कारण वेलांटी आणि काना स्वतंत्र मोजले जातात, आणि विंडोजमध्ये प्रश्नचिन्ह हे फाइलनावात चालतच नाही, तेव्हा फाइल उघडण्याचा प्रश्नच मिटतो. नॉन-युनिकोड प्रोग्रॅमांसाठीची भाषा बदलूनही काही साधत नाही, कारण त्या यादीत मराठी निवडता येत नाही.

यावर सगळ्या नावांचे रोमन लिप्यंतर करणारी पायथन स्क्रिप्ट लिहायला घेतली होती, पण ती अर्ध्यावर सोडून दिली, कारण त्याहून चांगली वाट सुचली. पेजमेकर प्रत्येक जोडलेल्या चित्राचा पूर्ण पाथ फाइलमध्ये साठवतो. हे अंक जिथे लागले त्या डीटीपीच्या मशीनवर ते ई ड्राइव्हवर होते, आणि सीडीवर उतरवताना ऑपरेटरने तीच रचना, तीच रोमन कॅपिटल अक्षरांतली आठ अक्षरी नावे जपली होती. मग नवी रोमन नावे शोधायचीच कशाला? होस्टवर हार्ड लिंकांचे (एकाच फाइलला दिलेल्या जादा नावांचे) एक समांतर झाड तयार केले, ज्यात फाइली त्याच, पण फोल्डरांची रचना मूळ सीडीसारखी. हार्ड लिंक असल्यामुळे डिस्कवर जवळजवळ जादा जागा लागत नाही, आणि देवनागरी नावांचा माझा संग्रह आहे तसाच राहतो. दोन्ही नावे एकाच डेटाकडे बोट दाखवतात, म्हणून हा शेअर सांबात काटेकोरपणे ‘रीड ओन्ली’ ठेवला आहे. गेस्टने लिहायचे ते दुसऱ्या, वेगळ्या शेअरवर. नंतर ‘नेट यूज’ने हा शेअर गेस्टमध्ये ई ड्राइव्ह म्हणून जोडला, पेजमेकर उघडले, आणि सुरुवातीला सांगितलेली ती फाइल चित्रांसकट समोर आली. मुखपृष्ठावरच्या रांगोळीची टीआयएफएफ प्रतिमा पूर्ण रेझोल्यूशनमध्ये दिसली, त्या क्षणाचा आनंद आपल्यापैकी अनेकांना वेगळा सांगायला नको.

जाता जाता सीडींविषयी: यूएसबीच्या स्वस्त बाह्य ड्राइव्ह ओरखडे पडलेल्या सीडीवर फार लवकर हात टेकतात, असा माझा अनुभव आहे. जुन्या डेस्कटॉपमधली साटा ड्राइव्ह काढून ठेवा आणि खराब डिस्कवरचा डेटा वाचवणारे डीडीरेस्क्यू २०४८ बाइटांच्या ब्लॉकने चालवा. ज्या सीडी वाचल्या जात नव्हत्या त्यांतल्या काही मला अशाच पूर्ण मिळाल्या.

पुढचा बेत मजकूर आरटीएफमध्ये काढून तो युनिकोडमध्ये बदलण्याचा होता, आणि तो आहेच. परंतु हे लिहीत असतानाच लक्षात आले की आधी प्रत्येक अंकाची पीडीएफ करून घेतली पाहिजे, कारण पानाची मांडणी मजकुराच्या एक्स्पोर्टमध्ये हरवते. एक्सपीत पोस्टस्क्रिप्ट (पानाचे वर्णन करणारी छपाईची भाषा) प्रिंटर बसवायचा, छपाई फाइलमध्ये करायची, आणि ती फाइल थेट लिहिण्याच्या शेअरवर सोडायची. तिथे लिहिणारा प्रत्यक्षात होस्टवरचाच सांबा असल्यामुळे होस्टवर आयनोटिफाय (फोल्डरातले बदल कळवणारी लिनक्सची सोय) लगेच जागे होते आणि पोस्टस्क्रिप्ट वाचणाऱ्या घोस्टस्क्रिप्टला पीडीएफ करायला लावता येते. मात्र फाइल बंद झाल्याची पहिली सूचना पुरेशी मानणार नाही. पोस्टस्क्रिप्टच्या शेवटी येणारी ईओएफची (फाइल संपल्याची) खूण सापडेपर्यंत स्क्रिप्ट थांबेल. ट्रूटाइप फॉन्ट बिटमॅप म्हणून न पाठवता नेटिव्ह ट्रूटाइप म्हणून पाठवायचे, म्हणजे अक्षरे मोठी करूनही धारदार राहतील. ही साखळी आधी एका छोट्या, आठ पानी पुरवणीवर चालवून पाहतो, आणि ती नीट उतरली की मगच जाहिरातींनी भरलेले मोठे अंक हाती घेतो.