लेदर केसमधला याशिका

कुणी लेदरच्या केसमधला जुना कॅमेरा दाखवायला आणला की मी आधी केसचा वास घेतो. ओल्या गोणपाटासारखा वास आला, की लेन्समध्ये काय निघणार ते कॅमेरा उघडायच्या आधीच कळतं. रत्नागिरीत वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर भिंतींनासुद्धा घाम सुटलेला असतो, आणि चामडं ती सगळी ओल पिऊन बसतं. ज्याने कॅमेरा जपून केसमध्ये, केस जपून पिशवीत आणि पिशवी जपून लोखंडी कपाटात ठेवली, त्याच्याच कॅमेऱ्यात बुरशी सगळ्यात जास्त सापडते. रोज हाताळल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यात मला ती क्वचितच दिसली आहे.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवतो. कॅमेऱ्यांचा नाद लागला तो पुण्याच्या जुन्या बाजारात. एका रविवारी तिथे बंद घड्याळं आणि पितळी नळांच्या ढिगात आग्फा क्लिक थ्री दिसला, बडोद्याला बनलेला. आजोळच्या अल्बममधले सगळे फोटो, मामाची मुंज, विहिरीवरची मावशी, सगळे याच मॉडेलने काढलेले. तीनशे रुपयांना घेतला. त्यात बिघडायला फार काही नसतंच. रात्री लॉजवर चार स्क्रू काढले, स्प्रिंगवरचा गंज पुसला आणि शटर टक्कन उडालं. त्या एका आवाजानंतर सहा वर्षांत सोळा कॅमेरे उघडले. त्यातले अकरा आज चालतात.

सगळ्यात जास्त दिवस ज्याच्याबरोबर काढले तो याशिका 635. जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी एका काकांचा फोटो स्टुडिओ होता. पंधरा वर्षं बंदच होता, आता गाळा मोबाइल दुरुस्तीवाल्याला भाड्याने द्यायचा होता. त्यांच्या मुलाचा फोन आला, ‘सर, भंगारवाल्याला द्यायच्या आधी तुम्ही एकदा बघून जा.’ गेलो. भिंतीवर कारंजं आणि राजहंस रंगवलेला पडदा तसाच लटकत होता. पासपोर्ट फोटोसाठी ठेवलेला एक कोट खुंटीला होता, टायसकट. काका खुर्चीत बसून होते. कॅमेरा त्यांनी स्वतः कपाटातून काढला, केस उघडली आणि म्हणाले, ‘एक सेकंदाला अडकतो हो. बाकी काही झालेलं नाही त्याला.’

635 हे नाव मोठं सरळ आहे. 120 नावाच्या रुंद रोलवर 6 बाय 6 सेंटिमीटरचे बारा फोटो, आणि वेगळं किट बसवलं की त्याच कॅमेऱ्यात 35 मिलिमीटरचा रोल. 1958 साली जपानमध्ये हे मॉडेल बाजारात आलं. दोन भिंगं एकावर एक. वरच्यातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. स्टुडिओवाल्याला एका पैशात दोन कॅमेरे मिळाल्यासारखं होतं. काकांचं 35 चं किट मात्र केव्हाच हरवलं होतं.

मोबाइलचा टॉर्च लावून खालच्या लेन्समधून पाहिलं. कडेने आत येणारे बारीक पांढरे धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे. मधोमध धुरकट थर. वरच्या भिंगामागचा, प्रतिमा वर बघायला देणारा आरसा पिवळट पडलेला. फोकसचं चाक फिरवायला दोन्ही हात लागत होते. एक सेकंदावर शटर उघडायचं आणि उघडंच राहायचं. तरीही लेन्सवर ओरखडा नव्हता, आणि एकाही स्क्रूचं तोंड खराब झालेलं नव्हतं. जुना कॅमेरा घेताना मी ही शेवटची गोष्ट सगळ्यात आधी बघायला लागलोय. स्क्रूची तोंडं झिजलेली असतील तर कुणीतरी आधी चुकीच्या हत्याराने आत शिरून आलेलं असतं, आणि त्याने आत काय करून ठेवलंय ते उघडेपर्यंत कळत नाही.

हे मी पैसे घालवून शिकलो. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ‘वर्किंग कंडिशन’ म्हणून मागवलेल्या लेन्सचे तीन स्क्रू असेच गुळगुळीत होते. फोटोत दिसत होते, मी दुर्लक्ष केलं. आत दोन चिकटवलेल्या भिंगांमधला डिंक सुटून इंद्रधनुष्यासारखे पट्टे पडले होते. साडेचार हजार गेले. अजून वाईट वाटतं, कारण ती लेन्स खरोखर सुंदर होती.

काकांना अडीच हजार दिले. ते घ्यायला तयार नव्हते, मुलाने घेतले.

आता हत्यारं. लेन्सच्या कड्यांना समोरासमोर दोन खाचा असतात, त्या फिरवायला लेन्स स्पॅनर लागतो. माझ्याकडे माप घ्यायचा एक पडीक वर्निअर होता, शून्य कधीच न जुळणारा. त्याचे जबडे ग्राइंडरवर घासून टोकं चपटी केली, लॉक स्क्रू आवळला की कुठल्याही मापाला बसतो. स्क्रू ड्रायव्हर मात्र जपानी मापाचेच घ्या. जपानी स्क्रूचं तोंड आपल्या नेहमीच्या फिलिप्ससारखं दिसतं, पण फिलिप्स त्यात पूर्ण खोल बसत नाही, आणि जोर लावला की वर सरकून तोंड खाऊन टाकतो. पोरांना मी वर्गात हे दोन्ही स्क्रू भिंगाखाली दाखवतो. बाजारात कोणी सांगत नाही.

खालच्या लेन्सचा पुढचा भाग फिरवून निघतो आणि शटरची पाती समोर येतात. पात्यांवर तेलाचा तवंग होता. पूर्वी कुणीतरी ‘अडकतंय’ म्हणून तेल सोडलं असणार. शटरच्या पात्यांना तेल चालत नाही, थेंबभरही नाही. पाती एकमेकांवर कोरडीच सरकायला हवीत. घड्याळवाले वापरतात ते व्हाइट पेट्रोल कापसाच्या बारीक काडीला लावून पुसलं, शटर उडवलं, परत पुसलं. असं वीस-पंचवीस वेळा.

एक सेकंदाचं दुखणं वेगळं होतं. एक सेकंद, अर्धा, पाव हे मंद वेग मोजायला शटरमध्ये घड्याळासारखीच दातेरी चाकांची एक छोटी गाडी असते. शटर मिटायच्या आधी त्याला ती सगळी चाकं फिरवत जावं लागतं, तो जो झर्रर्र आवाज येतो तो तिचाच. साठ वर्षांत तिथलं तेल वाळून मेणासारखं झालं होतं. गाडी सुटी काढून व्हाइट पेट्रोलमध्ये बुडवली, ब्रशने दात साफ केले, वाळवली, आणि चाकांच्या टोकांना सुईच्या अग्राने घड्याळाचं तेल दिलं. परत बसवून खटका ओढला. झर्रर्र... टक्. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘झालं वाटतं.’ तिलाही तो आवाज ओळखीचा झालाय.

वेग तपासायला मोबाइलचं स्लो मोशन पुरतं. सेकंदाला 240 फ्रेमला लावलं, मागून दिवा धरला. 1/30 सेकंदाला शटर आठ फ्रेम उघडं दिसायला हवं. नऊ दिसल्या. मला चालतं. अजून दोन गोष्टी जुन्या याशिकावाल्यांना सांगायच्या: 1/500 हवा असेल तर शटरची स्प्रिंग चढवायच्या आधी लावा, चढवल्यावर नाही. आणि सेल्फ टायमरच्या दांड्याला हातच लावू नका. या वयात तो मधेच थांबला तर शटरही सोबत अडकतं.

बुरशीला केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि थोडा अमोनिया, समान भाग. खिडकी उघडी ठेवून, हातात मोजे घालून. भिंग सुटं करून मिश्रणात ओला केलेला लेन्स टिश्यू त्यावर पाच मिनिटं पांघरला, मग डिस्टिल्ड वॉटरने पुसलं. धागे गेले. एका कोपऱ्यात नखाएवढ्या जागेत त्यांचे ठसे मात्र राहिले. बुरशी नुसती काचेवर बसत नाही, तिच्यातून सुटणारं आम्ल कोटिंग खातं, आणि ते खाल्लेलं परत येत नाही. फोटोत तो ठसा दिसत नाही, समोर सूर्य असला तर थोडं धुकं येतं, एवढंच.

आरशाने मला तीन आठवडे थांबवलं. या आरशाचा चांदीचा थर काचेच्या मागे नसतो, पुढे असतो, नाहीतर प्रतिमा दुहेरी दिसेल. त्यामुळे तो उघडा पडलेला असतो आणि पुसायला गेलं की चांदीच निघते. दुकानातला आरसा चालत नाही. शेवटी आठवलं, जुन्या स्कॅनरमध्ये असेच पुढून चांदी लावलेले आरसे असतात. भंगारातून एक स्कॅनर दीडशे रुपयांना आणला. आतली पट्टी अरुंद निघाली. दुसरा आणला, जुन्या झेरॉक्स मशीनमधला आरसा, तो पुरला. जुन्या आरशाचा कागदावर छाप घेतला, काचकापूने चांदीच्या बाजूला बोट न लावता कापला. पहिला तुकडा तिरका तुटला. दुसरा बसला. वरची झाकणं उघडून आत बघितलं आणि समोरच्या फणसाचं पान न् पान दिसलं. पिवळट काचेतून काका इतकी वर्षं बघत होते आणि तरी त्यांचे फोटो शार्प आहेत, हे त्या क्षणी पहिल्यांदा लक्षात आलं.

आरसा बदलला, लेन्स काढून बसवली, म्हणजे फोकस नव्याने जुळवणं आलं. हे काम लोक टाळतात आणि मग ‘जुन्या कॅमेऱ्याचे फोटो मऊच येतात’ म्हणतात. कॅमेऱ्याचं मागचं दार उघडायचं, रोल जिथे ताणलेला असतो तिथे ट्रेसिंग पेपर चिकटवलेली काच सपाट बसवायची, शटर बी वर, म्हणजे खटका दाबून ठेवू तोवर उघडं राहतं त्या खुणेवर, उघडं धरायचं आणि ट्रेसिंग पेपरवरची प्रतिमा भिंगाने बघायची. लांबची, ठसठशीत वस्तू हवी. मी संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर गेलो आणि भगवती किल्ल्यावरचं लाइटहाऊस धरलं. डोक्यावर काळं कापड, ट्रायपॉड, मागे भेळवाल्याची गर्दी. खालच्या लेन्सचं लाइटहाऊस धारदार झालं तेव्हा वरच्या लेन्सचं किंचित पसरट होतं. वरचं भिंग त्याच्या आट्यांत केसभर फिरवलं, परत बघितलं, परत केसभर. अंधार पडून दिवा फिरायला लागला तेव्हा दोन्हीकडे तो सारखाच टोकदार ठिपका दिसत होता.

फोकसच्या चाकाचं वाळकं ग्रीस काढून नवीन घातलं, बाहेरचं लेदरेट, म्हणजे नकली चामडं, सुटलं होतं ते चिकटवलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

केस परत वापरात घेतली नाही, उन्हात वाळवून वेगळी ठेवलीय. कॅमेरा धान्याच्या एअरटाइट डब्यात असतो, सोबत सिलिका जेलची पुरचुंडी. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होतात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी. आणि दर रविवारी डबा उघडून एक सेकंदापासून 1/500 पर्यंत सगळे वेग दोन-दोनदा उडवायचे, रोल असो नसो. काका म्हणाले, त्यांच्या कपाटात पूर्वी झिरोचा बल्ब चोवीस तास जळायचा. स्टुडिओ बंद झाल्यावर गाळ्याची वीज तोडली, आणि बुरशी त्यानंतरची आहे.

पहिला रोल इल्फर्ड एचपी 5 या कृष्णधवल फिल्मचा भरला. हजाराच्या घरात जातो हल्ली, म्हणून बारा फोटोंना दोन रविवार लागले. घरीच धुतला. इथे नळाचं पाणी मे महिन्यात तीस अंशाला असतं आणि डेव्हलपरला वीस हवं, तेव्हा बादलीत बर्फाची पिशवी आणि थर्मामीटर घेऊन बसलो. निगेटिव्ह बाहेर काढल्या, धार होती. पण जवळून काढलेल्या तिन्ही फोटोंत माणसांची कपाळं वरून कापलेली.

बारातली एकही फ्रेम मी काकांसाठी मुद्दाम राखली नव्हती, म्हणून दुसरा रोल भरून काकांकडे गेलो. प्रिंट दाखवल्या. कापलेल्या कपाळावर बोट ठेवून ते लगेच म्हणाले, ‘दोन बोटं उचलला नाहीत.’ मला कळेना. त्यांनी कॅमेरा मागितला, पट्टा गळ्यात घातला, वरची झाकणं अंगठ्याने उघडली. ‘बघतो तो वरचा. फोटो काढतो तो खालचा. लांबून फरक पडत नाही. माणूस जवळ बसवला की आधी फोकस करायचा, फ्रेम धरायची आणि मग सगळा कॅमेरा दोन बोटं वर न्यायचा. खालचं भिंग वरच्याच्या जागी आलं पाहिजे.’

मला खिडकीशी बसवलं. खटका चढवला, एकदा माझ्याकडे पाहिलं, मान खाली घालून बराच वेळ चाक फिरवत राहिले. मग कॅमेरा छातीपासून हलकेच दोन बोटं वर गेला.

‘हनुवटी खाली, सर. हां. आता हलू नका.’